डाव्या खांद्याची बंदूक

त्या वर्षी आमच्या घरात कोणी धड बसत नव्हतं. टी. नगरमध्ये एका अरुंद गल्लीत वरच्या मजल्यावर आमच्या खोल्या होत्या आणि पुढे एक लांबोडकी गॅलरी होती. तिथे बापूकाका पहाटेपासून फेऱ्या घालायचे. त्यांच्या लाकडी चपलांचा आवाज आमच्या झोपेत शिरायचा, दुधाच्या भांड्याच्या आवाजात मिसळायचा आणि अप्पा रेल्वेच्या कचेरीत जायला निघाले तरी चालूच असायचा. मी परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होते. आई सांगलीकडे माझ्यासाठी स्थळं बघत होती, अप्पांना मी पुढे शिकावं असं वाटत होतं, आणि मला स्वतःला काय वाटतं हे मला दिवसातून चारदा वेगळं वाटायचं. मीही मग काकांच्या मागोमाग गॅलरीत येरझाऱ्या घालायची. खाली रिक्षावाल्यांची भांडणं, समोरच्या दुकानात कांजीवरम साड्या उलगडल्याची सळसळ, कुठल्या तरी रेडिओवर तमिळ बातम्या. आता ती गल्ली ओळखू येत नाही. आमच्या गॅलरीच्या जागी साड्यांच्या एका मोठ्या दुकानाची काच आहे. परवा मी तिच्यासमोर उभी राहिले तर दरवानाने मला आत या म्हणून सलाम केला.

बापूकाका म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ. आम्ही तंजावरचे मराठे. कुंभकोणमजवळ आमची थोडी शेती होती आणि ती तेच बघत. अप्पा आणि काका यांचं मराठी तिकडचं, जुन्या वळणाचं, तमिळ हेल काढून बोलायचं. आई सांगलीची, तिचं मराठी वेगळं. लग्नानंतर पहिलं वर्षभर ती सासरच्यांचं बोलणं ऐकून पदर तोंडाला लावून हसायची, असं अप्पा सांगत. जेवणातही दोन घराणी होती. एका शेगडीवर आईची ज्वारीची भाकरी, दुसरीवर खिम्याचे उंडे, म्हणजे गोळे, आणि चिंच घातलेलं सांबार. त्या सांबाराचा शोध आमच्याच लोकांनी लावला हे अप्पा दर रविवारी सांगत, आणि आई दर रविवारी म्हणे, "लावला असेल, पण मीठ मीच घालते."

काका आमच्याकडे आले ते डोळ्याच्या इस्पितळासाठी. आदल्या हिवाळ्यात तळ्याकाठी बदकांच्या शिकारीत त्यांचा उजवा डोळा गेला होता. बंदूक घरातलीच, चकमकीची. घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा धरलेला असतो, चाप ओढला की ती गार पोलादावर घासते, ठिणग्या बाजूच्या वाटीतल्या रंजकावर, म्हणजे बारीक दारूवर पडतात, आणि तिथून एका बारीक भोकातून आग आत नळीत जाते. त्या भोकाला बंदुकीचा कान म्हणतात. काकांच्या ओळखीच्या सगळ्यांकडे कधीच टोपीवर, म्हणजे घोड्याखाली फुटणाऱ्या तांब्याच्या टिकलीवर, उडणाऱ्या नाहीतर काडतुसांच्या बंदुका आल्या होत्या. काका मात्र म्हणत, टोप्या शहरातून आणाव्या लागतात आणि दमट हवेत सादळतात, गार नदीत पडलेली आहे. त्या दिवशी चाप ओढल्यावर आग पुढे गेली तशी मागेही आली, आणि गारेची एक कपची डोळ्यात शिरली.

काकांबरोबर चंद्राकाकूही मद्रासला आली होती. ती नुसती त्यांची बायको नव्हती, शिकारीतली जोडीदार होती. काका नेम धरत, ती नळीत दारू आणि छर्रे भरून, गजाने ठासून बंदूक हातात देई. आमच्याकडे आली तेव्हा ती फार कमी बोलायची. काकांच्या डोळ्यावरची पट्टी बदलायची, भात कालवून पुढ्यात ठेवायची आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ उगीच सोडून उभी राहायची. पट्टी निघाली, तिच्या खालचं सगळ्यांना दिसलं, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ती कुंभकोणमला माहेरी निघून गेली. काकांनी तिला थांबवलं नाही. "तिला हें तोंड कसें पाहवेल," एवढंच ते अप्पांना म्हणाले. मला मात्र दुसरंच ठाऊक होतं. ट्रंक भरताना काकूने मला जवळ बसवून सांगितलं होतं की त्या सकाळी ती बोलण्याच्या नादात होती, आणि तिने नळीत दारूचं माप दोनदा ओतलं असणार. "मीच त्यांचा डोळा घेतला, इंदू. कोणास बोलूं नकोस." मी कबूल केलं. सतरा वर्षांच्या मुलीच्या पोटात एवढी मोठी गोष्ट ठेवली की ती मुलगी स्वस्थ कशी बसणार?

आणि मग एके दिवशी काकांनी जाहीर केलं की त्यांना नवी बंदूक बनवून घ्यायची आहे. तशीच, चकमकीची, गुळगुळीत नळीची, बदकांवर छर्रे मारायची. आईच्या हातातली पळी थांबली. अप्पांनी पेपर खाली ठेवला.

"बापू, एक डोळा उरला आहे," अप्पा म्हणाले.

"म्हणूनच नवी पाहिजे. आतां डाव्या खांद्यावरून मारावें लागेल."

यात एक मेख होती. साधी चकमकीची बंदूक उजव्या खांद्यासाठी असते. घोडा आणि रंजकाची वाटी नळीच्या उजव्या अंगाला, माणसाचं तोंड डाव्या अंगाला, म्हणजे आग चेहऱ्यापासून लांब पेटते. तीच बंदूक डाव्या खांद्याला लावली की वाटी नेमकी गालापाशी येते. काकांना सगळी कळ, म्हणजे घोडा, पोलाद आणि वाटी, आरशात दिसावी तशी उलटी हवी होती आणि तशी तयार मिळणं शक्यच नव्हतं. कोणीतरी मुद्दाम घडवायला हवी होती. अप्पांनी महिनाभर विरोध केला. मग चपलांच्या आवाजाला कंटाळून म्हणा, भावाच्या तोंडाकडे बघून म्हणा, त्यांनी अट घातली की कारागीर नीट पारखून निवडायचा आणि इंदूला बरोबर न्यायचं. काकांना उजवीकडून येणारी बस दिसायची नाही, त्यामुळे रस्त्यात त्यांच्या उजव्या हाताला मी.

पहिल्यांदा आम्ही माउंट रोडवरच्या एका मोठ्या दुकानात गेलो. वर पंखे, काचेच्या कपाटात ओळीने लावलेल्या विलायती बंदुका, इस्त्रीच्या कपड्यातला विक्रेता. काकांचं म्हणणं त्याने अर्धंच ऐकलं. चकमकीच्या बंदुका आता भिंतीवर टांगायला घेतात, असं म्हणून त्याने एक दुनळी काढून काकांच्या हातात दिली. काकांनी ती उजव्या खांद्याला लावली, थबकले, आणि परत केली. दुसरा कारागीर पेरंबूरला एका पत्र्याच्या शेडमध्ये होता. उत्साही, तरुण, तोंडात विडा. काका जे मागतील त्याला त्याच्याकडे होकार होता. डावी कळ? उजवीच फिरवून बसवू. केव्हा? पुढच्या आठवड्यात. "आणि कान असा ठेवतो, सार," तो म्हणाला, "की चाप ओढला की लगेच भडका. वाट बघायला नको." काकांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी उजळला. ठिणगी पडल्यापासून बार उडेपर्यंत जो क्षणभर उशीर होतो तो त्यांना कधीच सहन होत नसे. त्यांनी तिथल्या तिथे शब्द द्यायची तयारी केली होती. मी हळूच म्हटलं, अप्पांना विचारून सांगू या. परत येताना बसमध्ये ते माझ्यापासून दोन बाकं पुढे जाऊन बसले.

अप्पांच्या कचेरीतल्या एकाने एग्मोरच्या एका म्हाताऱ्या कारागिराचं नाव सांगितलं होतं. थंगराज त्याचं नाव. स्टेशनामागच्या गल्लीत त्याचं परवान्याचं दुकान होतं. अनेक वर्षं फौजेत बंदुका दुरुस्त केलेल्या, त्यामुळे एका कानाने ऐकू येत नसे, आणि स्वभाव असा की गिऱ्हाईक दारात दिसलं की कपाळाला आठी. त्याने आधी काकांचा परवाना मागून शांतपणे वाचला. मग काकांचं सगळं म्हणणं मान वाकडी करून ऐकलं. तो तमिळच बोलत होता.

"डावी कळ बनवता येईल. वेळ लागेल. जुनी बंदूक कुठे आहे?"

"ती कशाला? ती मोडीतच आहे."

"जिने डोळा घेतला ती बघितल्याशिवाय मी दुसरी बनवत नाही."

काका उठलेच. रस्त्यावर येऊन म्हणाले, "ह्यास काम नको आहे. पेरंबूरच बरें." त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. ते पेरंबूरला निघायचे, चपला घालायचे आणि गॅलरीतून परत फिरायचे. जेवायला बसायचे आणि उंडा अर्धा टाकून उठायचे. मला आज वाटतं, जुन्या बंदुकीचं तोंड बघायला ते घाबरत होते. ती आमच्याच माळ्यावर होती, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून सुतळीने बांधलेली. शेवटी एका सकाळी अप्पा गेल्यावर मी स्टूल ठेवून ती खाली काढली आणि काकांसमोर जमिनीवर ठेवली. त्यांनी सुतळीची गाठ बोटाने चाचपून पाहिली. मग म्हणाले, "सेरी, बरें. चटई आण." चटईत गुंडाळलेली बंदूक मांडीवर घेऊन आम्ही एग्मोरला गेलो.

थंगराजने लुगडं सोडलं. घोडा वर ओढून पाहिला, वाटीवरून अंगठा फिरवला, भिंग लावून कानात पाहिलं. "हा कान कोणी मोठा केला?"

त्याने वाटी काकांपुढे धरली.

"आणि मागे येणारी आग अडवणारी या वाटीची भिंत कुठे गेली?"

"घासून काढली," काका हळू म्हणाले. "आमच्याकडे एक लोहार होता. बार उशिरा होई, म्हणून मी सांगितलें कान रुंद कर. त्याने पोलादही बदललें, तें बसेना म्हणून भिंत घासली. दोन दिवसांत करून दिली होती. मला घाई होती."

थंगराजने मला बंदूक खांद्याला लावून उभं राहायला सांगितलं, काका लावत तशी, उजव्या खांद्याला, तोंड जरा वर करून. मग त्याने नळीत पाणी ओतलं आणि गजाला चिंधी गुंडाळून तो पुढून जोरात आत दाबला. कानातून पाण्याची जाड धार बाहेर आली, घोड्याच्या जबड्यावर, गारेच्या जागी, आपटली आणि सपकन मागे येऊन माझ्या उजव्या डोळ्यात उडाली. मी दचकून बंदूक सोडणार होते, त्याने ती धरली. मग भिंतीवरची दुसरी बंदूक काढून त्याने तसंच केलं. या वेळी सुतासारखी बारीक धार निघाली आणि बाजूला समोरच्या फळीवर पडली. माझा चेहरा कोरडा राहिला. काका स्टुलावर बसले.

मी डोळा पुसत विचारलं, "आणि आत दारू जास्त झाली असती तर?"

"तर खांदा सुजला असता. फार जास्त असती तर नळी फुगली असती." त्याने चामड्याची बोंडी लावलेला गज जुन्या नळीतून सावकाश फिरवला. "कुठे अडतो का? नाही. दारूचा यात संबंध नाही."

"दारूचें कां विचारतेस?" काकांनी मराठीत विचारलं.

मी शब्द दिला होता. पण त्या वेळी मला दुसरं काही करता येईना. मी सांगून टाकलं, ट्रंक भरताना काकू काय म्हणाली ते. थंगराजला मराठी कळत नव्हतं, पण तो हातातलं काम थांबवून आमच्याकडे बघत राहिला. काकांनी मला ते परत सांगायला लावलं. मग त्यांनी तोंडावरून हात फिरवला, त्या मिटलेल्या डोळ्यावरूनही, आणि म्हणाले, "मला वाटलें ती माझ्या तोंडाकडे पाहूं शकत नाही." मग स्टुलावरून उठून म्हणाले, "कुंभकोणमची गाडी कधी आहे, पाहा."

स्टेशन दोन वळणांवर होतं. आम्ही बंदूक थंगराजकडे ठेवली, दुकानातल्या माणसाकरवी अप्पांच्या कचेरीत निरोप पाठवला आणि दुपारच्या गाडीत बसलो. काका सबंध प्रवासात दारापाशी उभे होते. विल्लुपुरमला मी त्यांना इडल्यांचं पान नेऊन दिलं तर त्यांनी ते हातात धरून ठेवलं आणि पुढच्या स्टेशनावर मला परत दिलं. कुंभकोणमला काकूच्या माहेरच्या ओसरीवर दिवा लागला होता आणि ती तांदूळ निवडत बसली होती. आम्हाला बघून ती उठली नाही. काका पायरीवर बसले, टोपी काढली, सगळा चेहरा तिच्याकडे केला, आणि पाण्याची, कानाची, लोहाराची गोष्ट सरळ सांगितली. कान रुंद करायला मीच सांगितलं होतं, हेही सांगितलं.

काकू सुपातले तांदूळ सारखे करत होती. "तुम्हीं मला बरें वाटावें म्हणून बोलतां," ती म्हणाली. "इंदूने तुम्हांस सांगितलें, आणि तुम्हीं ही गोष्ट जुळवली."

काकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मीच म्हटलं, "काकू, माझ्या डोळ्यात पाणी उडालं. ते मी कसं जुळवू?" तिने सूप खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती आमच्याबरोबर निघाली, एक पिशवी घेऊन. ट्रंक घेतली नव्हती. ते मी पाहिलं होतं आणि काकांनीही.

एग्मोरला उतरल्यावर ती घरी चला म्हणाली नाही. सरळ दुकान दाखव म्हणाली. थंगराजच्या कपाळाला आठी पडलीच, पण तिने तिकडे लक्षच दिलं नाही. जुनी बंदूक उचलून स्वतःच खांद्याला लावली आणि म्हणाली, "तण्णीर ऊत्तुंगो." पाणी ओता. त्याने ओतलं आणि गज दाबला. धार जबड्यावर आपटून तिच्या उजव्या डोळ्यात उडाली. ती हलली नाही. "इन्नोरु तडवै," म्हणाली. पुन्हा. पुन्हा पाणी उडालं, गालावरून ओघळून पदरावर आलं. मग तिने बंदूक खाली ठेवली आणि ती तिथेच, त्या लोखंडाच्या किसात, जमिनीवर बसून रडली. काका तिच्या शेजारी खाली बसले. थंगराज मला घेऊन दुकानाबाहेर आला आणि गल्लीतल्या टपरीवरून आम्हा सगळ्यांसाठी कॉफी सांगितली.

काकू उठली ती वेगळीच होऊन. तिने थंगराजची उलटतपासणी सुरू केली. नळीचं लोखंड कुठलं, आतून किती गुळगुळीत, कान किती बारीक, वाटीची भिंत किती उंच, बार उशिरा झाला तर चालेल पण भिंत कमी केलेली चालणार नाही. तयार झाल्यावर आधी झाडाला बांधून, लांबून दोरीने चाप ओढून बघायचं, आणि ते तिच्यासमोर. थंगराज प्रत्येक उत्तराला आधी कुरकुरायचा आणि मग नीट सांगायचा. शेवटी ती काकांकडे वळली. "ह्याकडेच करूं. हा गोड बोलत नाही." कारागीर निवडला तो असा. पेरंबूरच्या माणसाला काकांनी स्वतः जाऊन नाही म्हणून सांगितलं.

बंदूक तयार व्हायला पावसाळा सरला. मधल्या काळात काकू आमच्याकडेच राहिली. माझा निकाल लागला, कॉलेजात नाव घातलं, आईने सांगलीची स्थळं तूर्त बाजूला ठेवली. काकांच्या फेऱ्या कमी झाल्या म्हणता म्हणता वाढल्या, कारण ते आता दर दोन दिवसांनी एग्मोरला जाऊन डावी कळ कुठवर आली ते बघून येत आणि थंगराजकडून हाकलून दिले जात. शिकारीवरची सगळी बंदी नंतरच्या काळात आली. तेव्हा बदकं मारायला परवाना मिळे. आज मला त्या पक्ष्यांबद्दल वेगळं वाटतं. पण त्या दिवसांत आमच्या घरात कोणाला पक्ष्यांची पडलेली नव्हती.

श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे एक मोठं तळं होतं. माझी नात आता कंपनीच्या बसने रोज तिथून जाते. तळं अर्धं उरलं आहे म्हणते. आम्ही गेलो तेव्हा कडेने नुसती भातशेती होती, गार वारा, आणि लांब पाण्यावर बदकांचा काळा पट्टा. अप्पाही आले होते. बांधावर छत्री टेकून ते पाठ करून उभे राहिले, कारण त्यांना बघवणार नव्हतं. काकूने दारूचं शिंग काढलं. तिने माप भरलं, काकांसमोर धरलं आणि म्हणाली, "पाहून घ्या. एकच आहे."

काकांनी तिकडे बघितलं नाही. ते पाण्याकडे बघत होते. "भर," म्हणाले. "मी कधी पाहत होतों?"

तिने दारू ओतली, छर्रे घातले, गजाने ठासलं, वाटीत रंजक टाकलं आणि बंदूक त्यांच्या हातात दिली. काकांनी ती डाव्या खांद्याला लावली आणि उरलेला डोळा उघडा ठेवून गाल दस्त्यावर टेकला. मी माझे दोन्ही डोळे मिटले. खट् आवाज झाला, मग तो क्षणभराचा उशीर, ज्याची त्यांना आयुष्यभर चीड होती, आणि मग बार. डोळे उघडले तर सगळं तळं उडालं होतं, एकही बदक पडलं नव्हतं, धूर वाऱ्याने शेतावर जात होता, आणि काका तसेच उभे होते.

काकूने जवळ जाऊन त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून तपासला, लहान मुलाचा तपासावा तसा, आधी बरा डोळा, मग दुसरा.

"नेम हातभर डावीकडे गेला," ती म्हणाली.

"शिकेन," काका म्हणाले. "पुन्हा भर."